विश्लेषण : गर्भनिरोधक गोळी सुरू करताना भीती कशाची, काळजी कशाची?

पहिल्याच पाकिटात मध्येच रक्ताचे डाग दिसतात, सकाळी मळमळते, त्यात घरातले किंवा शेजारचे कोणीतरी 'या गोळ्या उष्ण पडतात' असे सांगते आणि पाकीट अर्धवट राहते. गर्भनिरोधक गोळी अशी मध्येच सुटण्याचे हे नेहमीचे कारण. यातील बहुतेक त्रास अपेक्षित आणि तात्पुरते असतात. दुसरीकडे, काही मोजक्या स्त्रियांसाठी हीच गोळी खरोखर धोक्याची ठरू शकते. या दोन गोष्टींतला फरक गोळी सुरू करण्यापूर्वी सांगितला जातो का, हा कळीचा प्रश्न आहे.

किती स्त्रिया ही गोळी घेतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ५.१ टक्के स्त्रिया गर्भनिरोधक गोळ्या वापरत होत्या. त्याच गटात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के होते. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आहे. याचा अर्थ, दोन मुले होईपर्यंत फारसे काही नाही आणि त्यानंतर थेट शस्त्रक्रिया, हीच वाट अनेकींच्या वाट्याला येते. लग्नानंतर दोन वर्षे थांबायचे असेल किंवा दोन मुलांत अंतर ठेवायचे असेल, तर कधीही थांबवता येणारी साधने हवीत आणि गोळी हे त्यांतील सर्वांत सहज मिळणारे साधन आहे. सरकारी केंद्रात 'माला-एन' मोफत मिळते. आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच गर्भनिरोधके देण्याची योजना २०११ मध्ये सुरू झाली, तेव्हा गोळ्यांच्या एका पाकिटाची किंमत एक रुपया ठेवण्यात आली होती. तरीही गोळी घेणाऱ्या स्त्रिया कमीच आहेत, त्यामुळे अडचण केवळ किमतीची किंवा उपलब्धतेची नाही, हे उघड आहे.

गोळी नेमके काय करते?

'माला-एन' आणि 'माला-डी' या संयुक्त गोळ्या आहेत, म्हणजे त्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरके असतात. एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडायॉल आणि १५० मायक्रोग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. ही संप्रेरके मेंदूतील पियुषिका ग्रंथीकडून बीजांडकोशाला जाणारा संदेश थांबवतात आणि त्या महिन्यात स्त्रीबीज बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयमुखातील स्राव दाट होतो आणि शुक्रजंतूंना आत शिरणे अवघड होते.

पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ पांढऱ्या गोळ्यांत संप्रेरके असतात. उरलेल्या सात गडद रंगाच्या गोळ्या लोहाच्या असतात. या सात दिवसांत संप्रेरके मिळत नसल्याने रक्तस्राव होतो. तो नेहमीच्या पाळीपेक्षा कमी असू शकतो. त्यावरून 'रक्त आतच साठते' असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात गोळीमुळे गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते, म्हणून बाहेर पडण्यासारखे रक्तच कमी असते. रक्तक्षय असलेल्या स्त्रीसाठी तर हा फायदाच आहे.

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत गोळी सुरू केल्यास संरक्षण लगेच मिळते. एरवी कधीही सुरू केल्यास (गर्भधारणा झालेली नाही याची खात्री करून) पहिले सात दिवस कंडोमसारखे दुसरे साधन वापरावे लागते.

पहिल्या तीन महिन्यांत काय होते?

शरीराला नव्या संप्रेरकांची सवय होण्यास साधारण तीन महिने लागतात. या काळात मध्येच डाग पडणे, मळमळ, स्तन दुखरे होणे, हलकी डोकेदुखी असे त्रास होऊ शकतात. डाग पडले म्हणजे गोळी 'लागू पडली नाही' असे नसते, आणि डाग दिसले म्हणून गोळी बंद केली तर रक्तस्राव वाढतो आणि संरक्षणही जाते. गोळी रोज ठरावीक वेळी घेतली तर डाग कमी पडतात. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ सुसह्य होते. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक गोळी घ्यावी.

हे त्रास काल्पनिक नाहीत आणि त्यांकडे दुर्लक्ष करण्याचा इतिहासही जुना आहे. १९५६ मध्ये पोर्तो रिकोत गोळीच्या मोठ्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा तिथल्या वैद्यकीय संचालक डॉ. एड्रिस राइस-रे यांनी १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होत असल्याचे कळवले होते. संशोधकांनी ते फारसे मनावर घेतले नाही. त्या वेळच्या गोळीतील मात्रा आजच्या मानाने प्रचंड होती. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधनासाठी मान्यता मिळालेल्या 'एनोव्हिड'मध्ये सुमारे दहा मिलिग्रॅम प्रोजेस्टिन आणि १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होते. आजच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन बहुधा २० ते ३५ मायक्रोग्रॅम असते. गोळीबद्दलच्या अनेक धास्ती त्या जुन्या गोळीच्या काळातील आहेत.

मन:स्थितीतील बदलांचा मुद्दा मात्र वेगळा. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. संप्रेरकयुक्त गर्भनिरोधके घेणाऱ्यांत नैराश्यावरील औषधे सुरू होण्याचे प्रमाण काहीसे जास्त आढळले. किशोरवयीन मुलींत ते अधिक ठळक होते. गोळी सुरू केल्यावर सतत उदास वाटत असेल, तर 'मनाचे खेळ' म्हणून ते सोडून देऊ नये. डॉक्टरांना सांगून गोळी किंवा साधन बदलता येते.

वजन वाढते का? पुढे मूल होण्यात अडचण येते का?

या दोन शंका सर्वाधिक ऐकू येतात. वजनाबाबत झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेने घेतला. संयुक्त गोळीमुळे वजन लक्षणीय वाढते असा पुरावा त्यात मिळाला नाही. सुरुवातीला अंगात थोडे पाणी धरल्याने काहींना जड वाटू शकते.

मूल होण्याबाबतची भीती आपल्याकडे जास्त खोल आहे, कारण लग्नानंतर वर्षभरात 'गोड बातमी' नसेल तर प्रश्न स्त्रीलाच विचारले जातात. नवविवाहितेने गोळी घेतली आणि पुढे गर्भ राहण्यास वेळ लागला, तर दोष गोळीवर, म्हणजे तिच्यावर, येतो. युरोपात झालेल्या एका मोठ्या पाहणीत गोळी थांबवून मूल हवे असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के पहिल्याच महिन्यात, तर सुमारे ७९ टक्के वर्षभरात गर्भवती राहिल्या. गोळी न घेणाऱ्या जोडप्यांतही वर्षभराचे प्रमाण याच आसपास असते. गोळी शरीरात 'साठत' नाही. ती विसरली तर काही दिवसांतच गर्भ राहू शकतो, हाच त्याचा पुरावा.

'मध्ये मध्ये गोळीला सुट्टी द्यावी' हा सल्लाही चुकीचा आहे. सुट्टीत नको असलेली गर्भधारणा होते. शिवाय रक्ताच्या गुठळीचा धोका गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो आणि चार आठवडे किंवा अधिक खंड पाडून गोळी पुन्हा सुरू केल्यास तो पुन्हा वाढतो.

गुठळीचा धोका नेमका किती?

इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकते. हा धोका खरा आहे, पण तो कसा सांगितला जातो यावर बरेच अवलंबून असते.

ब्रिटनमधील १९९५ची घटना यासाठी बोलकी आहे. ऑक्टोबरमध्ये तेथील औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना तातडीचे पत्र पाठवले. तिसऱ्या पिढीच्या गोळ्यांमुळे गुठळीचा धोका आधीच्या गोळ्यांच्या तुलनेत दुप्पट होतो, असे त्यात म्हटले होते. बातम्यांत 'दुप्पट' हाच शब्द गाजला. प्रत्यक्षात धोका सात हजारांत एकीवरून सात हजारांत दोघींवर गेला होता. घाबरून हजारो स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. पुढील वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार अधिक गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. आणखी विसंगती अशी, की ज्या गुठळीला घाबरून गोळी सोडली, तिचा धोका गर्भारपणात गोळीपेक्षा जास्त असतो.

आकडे असे. युरोपीय औषध नियामकाने २०१३ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार, गोळी न घेणाऱ्या आणि गर्भवती नसलेल्या दहा हजार स्त्रियांपैकी वर्षभरात साधारण दोघींना गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी (माला-एन याच प्रकारात येते) घेणाऱ्या दहा हजारांत ५ ते ७ जणींना, तर ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांत ९ ते १२ जणींना. अमेरिकी औषध नियामकाच्या आकडेवारीनुसार हेच प्रमाण गर्भारपणात ५ ते २० आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत ४० ते ६५ आहे. म्हणजे दहा हजारांतील नऊ हजार ९८० हून अधिक गोळी घेणाऱ्यांना काहीच होत नाही. उरलेल्या मोजक्या जणींमध्ये आपण असण्याची शक्यता जास्त आहे का, हे मात्र आधी विचारून घेता येते.

शहरांत पीसीओएस किंवा मुरुमांसाठी तरुण मुलींना ड्रॉस्पिरेनोनयुक्त गोळ्या लिहून दिल्या जातात. 'लग्नाआधीच ही गोळी' म्हणून घरी कुजबुज होते. त्यापेक्षा घरात पूर्वी कोणाला गुठळी झाली होती का, हे आई-आजीला विचारणे अधिक उपयोगाचे.

कर्करोगाचे काय?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संयुक्त गोळीचा समावेश कर्करोगकारक घटकांत केला आहे. हे वाचून धक्का बसतो. पण हे वर्गीकरण पुरावा किती भक्कम आहे ते सांगते, धोका किती मोठा ते नाही. स्तन, गर्भाशयमुख आणि यकृताच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. गर्भाशयाच्या अस्तराचा आणि बीजांडकोशाचा कर्करोग टळण्यास मात्र हीच गोळी मदत करते. डेन्मार्कमधील २०१७च्या अभ्यासानुसार, संप्रेरकयुक्त गर्भनिरोधके वर्षभर घेणाऱ्या सुमारे ७,७०० स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचा एक अधिक रुग्ण आढळतो. तरुण वयात हा आजार मुळातच कमी असल्याने अधिकचा धोकाही कमी राहतो. स्तनाचा कर्करोग असलेल्या किंवा होऊन गेलेल्या स्त्रीने मात्र ही गोळी घेऊ नये.

ही गोळी कोणी घेऊ नये?

खालीलपैकी काही लागू असल्यास संयुक्त गोळी सुरू करू नये आणि डॉक्टरांशी बोलून दुसरे साधन निवडावे:

- रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त
- पूर्वी गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार
- वय ३५ किंवा अधिक आणि धूम्रपानाची सवय
- डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेषा किंवा ठिपके दिसून होणारी अर्धशिशी
- यकृताचा गंभीर आजार किंवा चालू असलेली कावीळ
- खूप जुना किंवा डोळे, मूत्रपिंड, रक्तवाहिन्यांवर परिणाम झालेला मधुमेह
- बाळ सहा महिन्यांहून लहान आणि अंगावर पीत असणे

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन तसेच फेफरे येण्यावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या औषधांमुळे गोळीचा परिणाम कमी होतो. भारतात क्षयरोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने असल्याने हा प्रश्न आवर्जून विचारायला हवा. सर्दी-खोकल्यासाठी मिळणाऱ्या नेहमीच्या प्रतिजैविकांनी मात्र गोळी निकामी होत नाही.

गोळी सुरू असताना पोटरीत एका बाजूला दुखणे आणि सूज, छातीत दुखणे किंवा दम लागणे, अचानक असह्य डोकेदुखी, दिसण्यात किंवा बोलण्यात फरक, पोटात तीव्र वेदना यांपैकी काहीही झाले तर तीन महिने वाट पाहायची नसते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि गोळी सुरू असल्याचे सांगावे.

'छाया' वेगळी कशी?

लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेली सेंटक्रोमॅन ही गोळी १९९१ पासून 'सहेली' नावाने बाजारात आली. २०१६ मध्ये ती 'छाया' नावाने राष्ट्रीय कार्यक्रमात दाखल झाली. तिच्यात इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टिन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी ती घ्यायची असते. स्तनपान देणाऱ्या मातांनाही ती चालते. सुरुवातीला पाळी लांबू शकते, हे आधी माहीत नसेल तर 'दिवस गेले की काय' म्हणून धास्ती बसते. पीसीओएस किंवा नुकतीच कावीळ झालेल्यांना ही गोळी सुचवली जात नाही.

सगळ्या गोळ्या सारख्याच का?

नाही, आणि बराच गोंधळ येथेच होतो. गौरी-गणपती, सत्यनारायण किंवा लग्नकार्य आले की पाळी पुढे ढकलण्यासाठी औषध दुकानातून परस्पर आणलेली गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉनची असते. तिची मात्रा वेगळी, उद्देश वेगळा आणि तिच्यावर गर्भनिरोधनासाठी विसंबता येत नाही. शरीरात तिचा काही अंश इस्ट्रोजेनमध्ये बदलत असल्याने गुठळीचा इतिहास असलेल्यांनी तीही परस्पर घेऊ नये. संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायची आपत्कालीन गोळी हा तिसरा प्रकार. ती एखाद्या वेळेसाठी आहे, दर महिन्यासाठी नाही. तिच्यामुळे पाळीचे वेळापत्रक बिघडले, तर तो अनुभव रोजच्या गोळीच्या नावावर खपवला जातो.

गोळी विसरली तर?

रोज न चुकता घेतल्यास वर्षभरात शंभरांत एकीलाही गर्भ राहत नाही. प्रत्यक्षात माणसे विसरतात, त्यामुळे हे प्रमाण शंभरांत सातपर्यंत जाते. एखादी पांढरी गोळी चुकली तर आठवताच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालते. सलग गोळ्या चुकल्या तर मात्र सात दिवस कंडोमची जोड हवी. जागतिक आरोग्य संघटना ही सूचना तीन गोळ्या चुकल्यावर देते, तर अमेरिकेची 'सीडीसी' दोन चुकल्यावरच. सावधपणे दोनच धराव्यात. गडद रंगाच्या गोळ्या चुकल्या तर संरक्षण कमी होत नाही.

मग घोडे अडते कुठे?

पहिल्या पाकिटासोबत होणाऱ्या पाच मिनिटांच्या बोलण्यात. पाचव्या सर्वेक्षणात साधन वापरणाऱ्या स्त्रियांपैकी ६२.४ टक्के जणींनीच दुष्परिणामांची माहिती मिळाल्याचे सांगितले. चौथ्या फेरीच्या तुलनेत (४६.६ टक्के) ही सुधारणा आहे, तरी तीनपैकी एकीहून अधिक स्त्रियांना कोणी काही सांगितलेले नाही. कोणतेही साधन न वापरणाऱ्यांपैकी तर केवळ २३.९ टक्के जणींशी आरोग्य कर्मचारी या विषयावर कधी बोलले होते.

माहितीचा हा हक्क सहज मिळालेला नाही. १९७० मध्ये अमेरिकी सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी गोळीच्या सुरक्षिततेवर सुनावणी घेतली, तेव्हा गोळी घेतलेल्या एकाही स्त्रीला साक्षीसाठी का बोलावले नाही, असे प्रेक्षक सज्जातील तरुणींनी उभे राहून विचारले होते. त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात रुग्णासाठी माहितीपत्रक घालणे तिथे बंधनकारक झाले. त्याच अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या रोजच्या गोळीला पहिली मान्यता जुलै २०२३ मध्ये मिळाली आणि तीही इस्ट्रोजेन नसलेल्या गोळीला. भारतात इस्ट्रोजेन असलेली 'माला-डी' १९८७ पासून दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. सहज मिळण्याचा फायदा मोठा आहे आणि तो राहायलाच हवा. पण मग रक्तदाब कोणी मोजायचा, अर्धशिशीबद्दल कोणी विचारायचे आणि 'तीन महिने डाग पडतील, घाबरू नका' हे कोणी सांगायचे, याचे उत्तर व्यवस्थेत असायला हवे. ते आज कधी आशाताईच्या चिकाटीवर, तर कधी दुकानदाराच्या मर्जीवर सोडलेले आहे.

मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र सुरू केले आणि त्या कामापायी नोकरी गमावली. तेव्हा हा विषय उच्चारणेच अवघड होते. शंभर वर्षांनी साधन घरपोच मिळते, पण बोलणे अजून अवघडच आहे. गोळी मागण्यासाठी नवऱ्याची संमती लागत नाही, हेही अनेकींना माहीत नसते. पहिले पाकीट घेताना रक्तदाब मोजून घ्यावा, वरील यादीतील प्रश्न विचारावेत आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवण्याची तारीख ठरवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात यापैकी कशालाही पैसे लागत नाहीत.